कांदा, मुळा आणि विठाबाई: रूपक समजून घेताना

माढा तालुक्यातल्या अरण गावचे संत सावता माळी तेराव्या शतकात आपल्या मळ्याबद्दल म्हणून गेले, ‘कांदा मुळा भाजी । अवघी विठाबाई माझी ॥’ सोलापूर जिल्ह्यात हा अभंग कधीच कानावर पडला नाही असं माणूस सापडायचं नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात तो असतो, आषाढीच्या दिंडीत असतो, भजनी मंडळाच्या वहीत असतो. इतका सवयीचा झालाय की त्यात काय घडलंय तिकडे आपलं लक्षच जात नाही. भाजी विठ्ठलासारखी आहे, असं सावतोबा म्हणत नाहीत. भाजी बघून विठ्ठल आठवतो, असंही म्हणत नाहीत. भाजी हीच विठाबाई, एवढंच सांगतात आणि पुढच्या ओळीला लागतात.

एक गोष्ट ही सरळ दुसरीच गोष्ट आहे असं बोलणाऱ्यानं ठणकावून सांगायचं, आणि ऐकणाऱ्यानं ते खोटं न ठरवता समजून घ्यायचं, या व्यवहाराला रूपक म्हणतात.

शाळेच्या व्याकरणात त्याची व्याख्या एका ओळीत मिळते: उपमेय आणि उपमान यांच्यात एकरूपता आहे, ती भिन्न नाहीत असं वर्णन जिथे असतं तिथे रूपक अलंकार होतो. व्याख्या चोख आहे. परीक्षेच्या आधी मुलं ती पाठ करतात, दिलेल्या ओळीखाली ‘रूपक’ लिहितात, गुण मिळतात आणि वही मिटते. मला याचंच वाईट वाटतं. अलंकाराचं नाव लिहून झाल्यावर कवितेचं वाचन सुरू व्हायला हवं, आणि आपण नेमके तिथेच थांबतो.

आधी शब्द पक्के करू. ज्याच्याबद्दल बोलायचंय ते उपमेय. ज्याच्याशी त्याची सांगड घालायची ते उपमान. दोघांत जो सारखेपणा असतो तो साधर्म्य, आणि तो दाखवणारे ‘सारखा, जसा, प्रमाणे, सम, परी’ हे साधर्म्यवाचक शब्द. आता मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन घेऊ. पारा ४४-४५ अंशांना टेकलाय, भर दुपारी नवी पेठ सुनसान पडलीय. घामानं निथळत घरी आलेला माणूस काय काय म्हणू शकतो बघा.

‘ऊन भट्टीसारखं आहे.’ ही उपमा. ऊन वेगळं, भट्टी वेगळी, दोघांत ताप तेवढा समान. ‘ऊन कसलं, जणू भट्टीच!’ ही उत्प्रेक्षा. ऊन भट्टीच असावं असं मनाला वाटायला लागलंय, पण ‘जणू’ म्हणून पाय अजून थोडा मागे ठेवलाय. ‘आजचं ऊन म्हणजे भट्टी आहे.’ हे रूपक. मागे ठेवलेला पायही पुढे आला. ‘हे ऊन नव्हेच, भट्टी पेटलीय.’ ही अपन्हुती, इथे ऊन असल्याचंच नाकारलं. आणि शेवटी, ‘सात रस्ता चौकापासून भट्टीतून चालत आलो की!’ या वाक्यात ऊन हा शब्दच उरला नाही. उपमानानं उपमेयाला गिळलं. अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या मम्मट या काव्यशास्त्रकारानं इथे ‘गिळणे’ हीच क्रिया वापरली आणि या प्रकाराला अतिशयोक्तीत घातलं. आज आपण सैलपणे त्यालाही रूपकच म्हणतो, आणि मला त्यात काही चुकीचं वाटत नाही. कारण बाजारात, एसटी स्टँडवर, घरात जी रूपकं आपण वापरतो ती बहुतेक याच शेवटच्या जातीची असतात. ‘अमुक म्हणजे तमुक’ असं मांडून कुणी बोलत बसत नाही.

ही पाच वाक्यं ओळीनं म्हणून पाहिली की एक गोष्ट कळते. ‘सारखा’ आणि ‘जणू’ हे शब्द शोधून अलंकार ओळखायची युक्ती परीक्षेपुरती ठीक आहे. खरा फरक बोलणारा दोन गोष्टी एकमेकींच्या किती जवळ आणतो यात आहे.

आता ऐकणाऱ्याच्या बाजूनं बघू. ‘आमचे वकीलसाहेब वाघ आहेत,’ असं कुणी म्हटलं तर आपण दचकत नाही. का? याचं उत्तर आपल्याकडे शब्दशक्तीच्या विचारात फार नेटकं दिलंय. शब्दाचा सरळ अर्थ देणारी शक्ती अभिधा. सरळ अर्थ अडला की जवळचा दुसरा अर्थ देणारी लक्षणा. आणि त्याही पलीकडे काही सुचवणारी व्यंजना. लक्षणा कधी चालू होते यासाठी मम्मटानं तीन अटी सांगितल्या. पहिली, मुख्य अर्थाला बाधा यायला हवी: माणूस वाघ असू शकत नाही. दुसरी, नव्या अर्थाचा जुन्याशी काही संबंध हवा: शौर्य, दरारा. तिसरी, त्यामागे एक तर रूढी हवी, नाही तर प्रयोजन हवं. म्हणजे तसं बोलायची पद्धत पडलेली असावी, किंवा तसं बोलण्यात मुद्दाम काही साधायचं असावं.

ही तिसरी अट मला फार मोलाची वाटते. ‘वकीलसाहेब शूर आहेत’ या वाक्यानं भागलं असतं तर वाघ कशाला आणायचा? कारण वाघाबरोबर शौर्य एकटं येत नाही. समोरच्याची बोबडी वळणं येतं, एकट्यानं फिरणं येतं, झडप येते, आणि बोलणाऱ्याचा अभिमानही येतो. शेपूट मात्र येत नाही, पट्टे येत नाहीत, कच्चं मांस येत नाही. वाघाचं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे ऐकणारा पापणी लवते न लवते तोच ठरवतो. ते कुठे लिहिलेलं नसतं. प्रसंग, बोलणाऱ्याचा सूर, दोघांचं एकमेकांशी नातं यांवरून ते कळतं. प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यासमोर उभं राहून ‘हा वाघ आहे’ म्हटलं तर अर्थाला बाधा नाही, त्यामुळे रूपकही नाही.

पहिल्या अटीला एक पुस्ती मात्र जोडावी लागते. कधी कधी सरळ अर्थही चालण्यासारखा असतो आणि तरीही रूपक असतं. ‘त्याचं पाऊल घसरलं’ हे वाक्य न्हाणीघरातलं असू शकतं आणि संसारातलंही. बाधा वाक्यात नसली तरी प्रसंगात असते. म्हणून वाक्य सुटं काढून ‘अलंकार ओळखा’ असं विचारलं की मुलांवर थोडा अन्यायच होतो.

आता अवघड प्रश्नाकडे येऊ. रूपक म्हणजे ‘सारखा’ गाळलेली उपमाच का? दंडी या जुन्या शास्त्रकाराचं म्हणणं जवळपास तसंच आहे: ‘उपमैव तिरोभूतभेदा रूपकमुच्यते’, म्हणजे जिच्यातला भेद झाकला गेलाय अशी उपमाच रूपक. बहुतेक पाठ्यपुस्तकं आजही याच वाटेनं जातात. उन्हाच्या भट्टीला हे लागू पडतं. ‘सारखं’ परत घातलं तरी वाक्य उभं राहतं, जोर थोडा कमी होतो इतकंच.

पण सावतोबांच्या ओळीत ‘सारखा’ घालून बघा. ‘मुळा विठ्ठलासारखा आहे.’ कशात? रंगात? आकारात? चवीत? साधर्म्याच्या रकान्यात लिहायला काहीच सापडत नाही. दंडीच्या व्याख्येप्रमाणे ही ओळ पोकळ ठरायला हवी, आणि ती तर सातशे वर्षं लोकांच्या तोंडी आहे. याचा अर्थ ही ओळ आधीपासून असलेला सारखेपणा दाखवत नाही. ती दुसरंच काही करते. विठ्ठलाची जागा उचलून वाफ्यावर ठेवते आणि मग आपल्याला वाफ्याकडे बघायला लावते. तसं बघायला लागलं की सारखेपणा उगवायला लागतो. रोज पाणी देणं, खुरपणं, वेळ सांभाळणं, हे सगळं सेवेसारखं दिसायला लागतं. पुढे ओळ येते, ‘मोट नाडा विहीर दोरी । अवघी व्यापिली पंढरी ॥’ आणि आता अवजारांसकट सगळा मळा पंढरपूर होतो. सावता माळी पंढरपूरला गेले नाहीत, विठ्ठलच त्यांना भेटायला अरणला आला, अशी जी श्रद्धा लोकांत आहे ती या रूपकातून आपोआप निघते. देव मळ्यातच असेल तर जायचं कुठे?

मॅक्स ब्लॅक या तत्त्वज्ञानं १९५०च्या दशकात हाच आक्षेप घेतला होता: रूपक पुष्कळदा आधीचं साम्य नोंदवत नाही, ते साम्य घडवतं. मला हे पटतं, आणि पटण्याचं कारण अरणचा मळा आहे.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर होणार नाही. वारकऱ्याच्या दृष्टीनं सावतोबांची ओळ अलंकार नाहीच. चराचरात तोच भरलाय असं जो मनापासून मानतो त्याच्यासाठी ‘भाजी विठाबाई आहे’ हे जसं आहे तसं सांगितलेलं सत्य आहे. बाहेरून वाचणाऱ्याला रूपक दिसतं, आतून म्हणणाऱ्याला वस्तुस्थिती. दोन्ही वाचनं खरी आहेत, आणि वर्गात निदान एकदा तरी हे मुलांना सांगायला हवं. नाहीतर ‘उपमेय: भाजी, उपमान: विठाबाई’ एवढ्यावर तो अभंग आटोपतो.

दुसरं उदाहरण याच मुलखातलं, पण कानडीतलं. सोलापुरात मराठीच्या जोडीला कानडी, तेलुगू, दखनी रोज कानावर पडतात, त्यामुळे परकं वाटायचं कारण नाही. महात्मा बसवेश्वरांचं काही काळ मंगळवेढ्यात वास्तव्य होतं असं मानतात. त्यांच्या एका सुप्रसिद्ध वचनाचा आशय असा: पैसेवाले शिवालयं बांधतील, मी गरीब काय करणार? माझे पाय हेच खांब, देह हेच देऊळ, डोकं हाच सोन्याचा कळस. उभारलेलं एक दिवस पडतं, चालतं-फिरतं पडत नाही.

एका मुख्य रूपकातून छोटी छोटी रूपकं फुटतात तेव्हा त्याला सांगरूपक म्हणतात. देह देऊळ म्हटला की पाय खांब होणारच आणि डोकं कळस होणारच. पण माझं लक्ष वेधतं ते शेवटचं वाक्य. ‘चालतं-फिरतं पडत नाही’ हा निष्कर्ष आहे, आणि तो या रूपकावरच उभा आहे. देह देऊळ आहे हे आधी मान्य केलं तरच दोन देवळांची तुलना होते: एक दगडाचं, जागचं न हलणारं, दुसरं हाडामांसाचं, चालणारं. गरिबाच्या खांद्यावर सोन्याचा कळस बसतो तो याच वाटेनं. आता यातून रूपक काढून टाका आणि तेच म्हणणं सरळ भाषेत लिहायचा प्रयत्न करा. ‘गरीब माणूसही भक्ती करू शकतो’ असं काहीतरी मिळमिळीत हाती येतं, आणि त्यात वाद घालण्याची ताकद राहत नाही. दागिना उतरवला तर अंग जसंच्या तसं राहतं. रूपक उतरवलं तर बोलणंच नाहीसं होतं. अलंकार हा शब्द इथे थोडा अपुरा पडतो असं मला वाटतं ते यामुळे.

मराठीत सांगरूपकाचा सर्वांत भव्य नमुना ज्ञानेश्वरीच्या अगदी आरंभी आहे. १२९० सालच्या या ग्रंथात गणेशाला वंदन करताना ज्ञानेश्वर त्याची मूर्ती शब्दांची घडवतात. अठरा पुराणं हे रत्नांचे दागिने, पदरचना हे रंगीत वस्त्र, आणि मग ‘अकार चरणयुगुल । उकार उदर विशाल । मकार महामंडल । मस्तकाकारें ॥’ पाय, पोट, मस्तक मिळून ॐ पुरा होतो. एकनाथांच्या विंचवाच्या भारुडात हीच रीत लोकांच्या अंगणात उतरते. काम-क्रोधाचा विंचू चावला म्हटलं, की उताराही विंचवालाच शोभेल असा हवा, म्हणून सत्त्वगुणाचा अंगारा. पहिलं रूपक स्वीकारलं की पुढचं सगळं त्याच्या नियमानं चालतं. भारुड बघणाऱ्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. ती विंचवाला हसते आणि अंगाऱ्यापाशी गप्प होते.

एवढं वाचून कुणाला वाटेल की रूपक हा संतांचा आणि कवींचा प्रांत आहे. तसं नाही. सोलापूर हे सुताचं गाव, तेव्हा सुताचंच उदाहरण घेऊ. पूर्व भागात मागावर ताणा आणि बाणा एकमेकांत जातात, जेकार्डवर चादरीची नक्षी उठते. तिथे धागा तुटतो तो खराखुरा तुटतो आणि हातानं जोडावा लागतो. पण मागाचं तोंडही न पाहिलेला मराठी माणूस दिवसभर सुताचीच भाषा बोलतो. दोघांचं सूत जुळतं. बोलण्याचा धागा तुटतो. नात्याची वीण उसवते. प्रकरणाला अनेक पदर असतात. पोलिसांना गुन्ह्याचे धागेदोरे मिळतात. हिशेबात गुंता होतो आणि कुणीतरी तो सोडवतं. धोरणाला ठिगळं लावली जातात.

यातल्या एकाही वाक्यात ‘नातं हे कापड आहे’ असं म्हटलेलं नाही. कापड क्रियापदात लपलंय: उसवणं, जुळणं, गुंतणं, सुटणं. शाळेत आपण रूपक नामांत शोधायला शिकतो, ‘भवसागर’, ‘ज्ञानदीप’, ‘संसाराचा गाडा’ वगैरे, आणि क्रियापदं हातातून निसटतात. कोवळं ऊन, कडक शिस्त, गोड आवाज यांतली विशेषणंही अशीच निसटतात. कविता वाचताना मी मुलांना एवढंच सांगते: क्रियापदांवर बोट ठेवत चला. मन काय करतं, दुःख काय करतं, आठवण काय करते ते बघा. आठवण दाटून येते म्हणजे ती ढग आहे. दुःख पचवलं म्हणजे ते अन्न होतं. नावं कुणी घेतलेली नसतात, पण उपमान तिथे हजर असतं.

अशी रूपकं रूढ होऊन गेलेली असतात, म्हणून ती मेली असंही म्हणतात. मला ती झोपलेली वाटतात, कारण त्यांना जागं करता येतं. ‘दोघांचं सूत जुळलं’ हे ऐकून कुणाच्या डोळ्यांपुढे सूत येत नाही. पण चादरीच्या दुकानातला कुणी म्हणाला, ‘सूत जुळलं खरं, पण पहिल्याच धुण्यात रंग गेला,’ तर सूत एकदम दिसायला लागतं. मम्मटाच्या तिसऱ्या अटीतली रूढी तेवढ्या एका वाक्यात प्रयोजन झाली. चांगले कवी नवं रूपक दर वेळी शून्यातून आणत नाहीत. सगळ्यांच्या तोंडी असलेलं एखादं निजलेलं रूपक ते उचलतात आणि त्याला पुढचं पाऊल टाकायला लावतात.

जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९८०मध्ये याच्याही पुढे जाऊन मांडलं की ही रोजची रूपकं सुटी नसतात, त्यांचे गट असतात, आणि आपण विचारही त्या गटांतून करतो. मराठीतला राग घ्या. डोकं तापतं, पारा चढतो, माणूस भडकतो, पेटतो, आतल्या आत धुमसतो, अंगाची लाही होते, कुणीतरी तेल ओततं, कुणीतरी पाणी टाकतं, आणि शेवटी डोकं थंड होतं. हे सगळं एकाच समजुतीचं पीक आहे: राग म्हणजे उष्णता. रागात अंग खरंच गरम होतं, चेहरा लाल होतो, त्यामुळे या समजुतीला शरीराचा आधारही आहे. पण तिचा परिणाम काय होतो तेही बघायला हवं. राग आग असेल तर तो विझवायचाच असतो. तो ऐकून घ्यायचा असतो, त्यात काही म्हणणं असू शकतं, ही गोष्ट या गटात बसत नाही. घरात लहान मुलगी रागावली की आपण तिला ‘शांत हो’ म्हणतो, ‘काय झालं ते सांग’ हे नंतर येतं.

रूपकासारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी थोडक्यात बाजूला करते. १९३०च्या मे महिन्यात इथे ब्रिटिश राजवटीविरुद्ध जो उठाव झाला त्याबद्दल आपण म्हणतो, ‘सोलापूर पेटलं.’ यात ‘पेटलं’ हे रूपक आहे, रागाचंच. ‘सोलापूर’ मात्र रूपक नाही. शहराच्या नावानं शहरातली माणसं सांगितली आहेत. तिथे साम्य किंवा एकरूपता नाही, नुसता राहण्याचा संबंध आहे. जुने शास्त्रकार याला लक्षणेचाच पण वेगळा प्रकार मानतात. दुसरी गोष्ट प्रतीक. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेत अक्षता सोहळा होतो. कुंभारकन्येच्या विवाहाच्या कथेत सिद्धरामेश्वरांच्या जागी त्यांचा योगदंड असतो. हे प्रतीक. पूर्ण श्रद्धेनं आणि परंपरेनं एक वस्तू दुसऱ्याच्या जागी उभी राहते. रूपक वाक्यात घडतं, ते कुणीही आज नवं करू शकतं. प्रतीक मात्र समाजानं मान्य केलेलं असावं लागतं.

रूपक समजून घेण्याची सर्वांत मोठी गरज मला कवितेबाहेर वाटते. वर्तमानपत्रात निधनाची बातमी येते: ‘कर्करोगाशी त्यांची झुंज अपयशी ठरली.’ लिहिणाऱ्याचा हेतू आदराचाच असतो. पण आजार ही लढाई झाली की रुग्ण सैनिक होतो, आणि गेलेला माणूस हरलेला ठरतो. ज्याला उपचार मिळाले पण गुण आला नाही त्याचं काय चुकलं? काहीच नाही. ‘अपयशी’ हा शब्द त्या माणसाच्या नशिबी रूपकानं आणला. काही रुग्णांना झुंजीच्या भाषेनं बळ मिळतं हेही खरं आहे, म्हणून ती वापरूच नये असं मी म्हणणार नाही. रुग्ण स्वतः ती वापरत असेल तर त्याच्याशी त्याच भाषेत बोलावं. त्याच्या माघारी, त्याच्या वतीनं ती वापरताना मात्र हात आखडावा.

आणि उजनी. भीमेवरच्या या धरणाला जिल्ह्यातली वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं ‘सोलापूरची वरदायिनी’ म्हणत आली आहेत. धरण देवी झालं. त्यात कृतज्ञता आहे आणि ती खरी आहे, ऊस, केळी, डाळिंब आणि पिण्याचं पाणी या सगळ्यामागे उजनी आहे. पण देवीपुढे आपण हात जोडतो, आणि पाणी तर कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत वाटलं जातं. कुणाला किती आवर्तनं, कधी, कशासाठी, हे माणसं ठरवतात. वरदायिनी म्हटलं की ही माणसं चित्रातून बाहेर जातात.

त्याच धरणाचं दुसरं रूपक अभियंत्यांच्या भाषेतलं आहे आणि ते रूपक आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही: मृत साठा. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला सुमारे ६४ टीएमसी मृत साठा. कालव्यात आपोआप सोडता येत नाही इतक्या खालचं पाणी, एवढाच त्याचा अर्थ. पण ‘मृत’ म्हटलं की निरुपयोगी, संपलेलं असं काहीतरी मनात येतं. प्रत्यक्षात उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेलं’, म्हणजे वरचं पाणी संपून मृत साठ्याला हात लागला, अशी बातमी येते तेव्हा सोलापूर शहर याच मेलेल्या पाण्यावर जगत असतं. पातळी खाली गेली की दुबार पंपिंग सुरू होतं, नळाला पाणी येण्याचे दिवस लांबतात, पण येतं ते पाणी तिथलंच. निम्म्याहून जास्त साठ्याला मृत म्हणणारा शब्द तांत्रिक कामाला बरा असेल. तो जसाच्या तसा बातमीत आला की वाचणाऱ्याची समजूत चुकते.

मग कोणतं रूपक बरं? काही जण धरणाला बँकेतलं खातं म्हणतात: जमा, खर्च, शिल्लक, उणे शिल्लक. हे मला जास्त आवडतं, कारण खात्याचा हिशेब मागता येतो आणि उधळपट्टी करणाऱ्याकडे बोट दाखवता येतं. तरी तेही पुरं पडत नाही. उजनीत जमा होणारं पाणी मुख्यतः सोलापुरात पडलेल्या पावसाचं नसतंच. ते वरच्या बाजूला पुणे जिल्ह्यात पडतं, तिथली धरणं भरल्यावर सोडलं जातं आणि दौंडवरून खाली येतं. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये इथला शेतकरी स्वतःच्या शिवारावरच्या ढगाइतकाच दौंडच्या विसर्गाच्या आकड्याकडे डोळे लावून बसतो. आपलं खातं दुसऱ्याच्या खात्यातून सांडलेल्या पाण्यानं भरतं, ही गोष्ट बँकेच्या रूपकात कुठे बसवायची ते मला अजून सुचलेलं नाही. वर्गात मी हा प्रश्न मुलांपुढे ठेवते. ‘उजनी म्हणजे काय?’ असं लिहून देते आणि सोबत दोन रकाने आखायला सांगते, या रूपकानं काय दिसतं आणि काय झाकलं जातं. अलंकाराचं नाव लिहायला रकाना ठेवत नाही.